फाइलीबाहेरचं संशोधन

"मॅडम, यंदा कृतिसंशोधनाला विषय कोणता घ्यायचा?" आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत हा प्रश्न दरवर्षी येतो. विषय ‘घ्यायचा’, पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, सरासरीत वाढ, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत लक्षणीय वाढ झाल्याचे दिसून आले.’ मग स्पायरल बाइंडिंग. डी.एड.ला असताना प्रत्येकाने असा एक अहवाल लिहिलेला असतो. ‘उपक्रमाचा काही उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढणारा अहवाल मात्र माझ्या हाती आजवर पडलेला नाही.

मी मुळात प्राथमिक शिक्षिका. राहते भोसरीत आणि नोकरी चाकणच्या बाजूला, जिल्हा परिषदेच्या शाळांत. पुढे मुख्याध्यापिका झाले, आता केंद्रप्रमुख आहे. आमच्या शाळांच्या एका अंगाला कारखान्यांच्या शेड आणि दुसऱ्या अंगाला कामगारांच्या खोल्यांच्या चाळी. या पट्ट्यात शिकवताना संशोधनाचा नेमका कुठे उपयोग झाला आणि कुठे नुसता कागद वाढला, ते इथे मांडते आहे.

१. प्रश्न इतका बारीक हवा की उत्तर सोमवारच्या तासाला वापरता यावं.

‘तिसरीच्या विद्यार्थ्यांच्या वाचनातील अडचणींचा शोध व उपाय’ असं शीर्षक घेऊन कुणालाच काही करता येत नाही. आमच्याच केंद्रातल्या एका शिक्षिकेने प्रश्न वेगळा विचारला. मुलं बाराखडी तालासुरात म्हणतात, मग ‘कु’ एकटा समोर आला की का अडतात? तिने अक्षरकार्डं पिसून ठेवली, एकेका मुलाला जवळ बसवलं आणि गप्प राहून ऐकलं. काही मुलं ओठातल्या ओठात क, का, कि, की अशा पायऱ्या चढत ‘कु’पर्यंत पोचत होती. बाराखडी पाठ होती, पण उकाराच्या खुणेची ओळख नव्हती. ‘मु’ दाखवला की पुन्हा ‘म’पासून चढण सुरू. हे कळल्यावर तिने बाराखडीचं सामूहिक पठण थांबवलं आणि एकच मात्रा पाच-सहा अक्षरांना लावून त्यांचे शब्द करायला घेतले.

तिला जे दिसलं ते फक्त तिच्या वर्गापुरतं नव्हतं. पालघर जिल्ह्यातल्या वाड्यात मराठी आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नड, अशा दोन भाषांतल्या प्राथमिक वाचन-लेखनाचा शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही वर्षं अभ्यास केला. ‘लिरिल’ या नावाने तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं अक्षरांत, त्यातही स्वरचिन्हांत आणि जोडाक्षरांत अडकून पडतात, आणि वर्गातला पुष्कळ वेळ फळ्यावरचं उतरवून घेण्यात जातो, हे त्यात तपशिलाने आलं आहे. फलटणला मॅक्सिन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने तर त्याच्याही कितीतरी आधी मोजकी अक्षरं आणि मात्रा सोबतच देऊन मुलांना लगेच शब्दांवर आणण्याचं काम केलं. इतकं सगळं मराठीत, मराठी मुलांवर झालेलं असताना आमच्या प्रशिक्षणांत मात्र परदेशी व्याख्यांचीच स्लाइड आधी येते.

असाच दुसरा बारीक प्रश्न ‘र’चा. सूर्य, चक्र, ट्रक, कैऱ्या या चार शब्दांत ‘र’ चार रूपांत येतो आणि पाठ्यपुस्तक पुढे सरकून गेलं तरी मुलाची गाडी तिथेच उभी असते. चाकणच्या पोराने दिवसाला शंभर ट्रक पाहिलेले असतात. बोनेटवरच्या खुणेवरून तो कंपनीचं नाव सांगेल, पण फळ्यावरचा ‘ट्रक’ त्याला वाचता येत नाही.

२. मुलाला पातळीप्रमाणे बसवा, पण पातळीत रुतू देऊ नका.

यातलं सर्वांत भक्कम काम आपल्या मुंबईत झालेलं आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात वस्तीतलीच एखादी तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वेगळं शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात त्याची शास्त्रशुद्ध चाचणी घेतली आणि निबंध २००७ मध्ये आला. सर्वांत मागच्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. यातल्या पहिल्या दोघांना पुढे २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेलची बातमी आमच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरली. त्याच निबंधात असंही म्हटलं होतं की मुलं कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्या फायद्याचा बराचसा भाग ओसरला. ही ओळ कुणी पुढे पाठवली नाही.

ग्रामीण मुलांचं शिकणं तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची चाचणी आम्हाला सोयीची वाटते. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या, आणि एका मुलाला काही मिनिटं पुरतात. देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली दुसरीचं पुस्तक वाचू शकणारी तिसरीची मुलं ‘असर’ला २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के आढळली. म्हणजे करोनात गेलेलं भरून निघालं आणि थोडं वर चढलं. तरी चारातली तीन मुलं खालीच आहेत. अशा वर्गात तिसरीचा धडा तिसरीलाच शिकवत राहणं म्हणजे पहिल्या बाकासाठी वर्ग चालवणं.

तेव्हा तासभर तिसरी ते पाचवी मिसळून गट करतो. अनुभवाने दोन पथ्यं ठरली आहेत. गट महिन्या-दीड महिन्याने मोडायचे, नाहीतर दिवाळीपर्यंत मुलंच त्यातल्या एकाला ‘ढ गट’ म्हणू लागतात आणि पालकांपर्यंत ते नाव पोचतं. आणि सर्वांत खालचा गट शाळेतल्या सर्वांत अनुभवी शिक्षकाने घ्यायचा. शाळाशाळांत रीत नेमकी उलटी असते. अनुभवी गुरुजींकडे शिष्यवृत्तीचा वर्ग आणि अक्षरगट नुकत्याच रुजू झालेल्या मुलीकडे.

३. पट हलता असेल तर सरासरीवर विश्वास ठेवू नका.

हा धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही, या पट्ट्यानेच तो दिला. आमच्याकडे जूनमध्ये बसलेला वर्ग आणि एप्रिलमध्ये बसलेला वर्ग ही एकच मुलं नसतात. कंत्राट संपलं, खोलीचं भाडं वाढलं, दिवाळीला लातूर-नांदेडला किंवा होळीला बिहारला गेले ते परत आलेच नाहीत. त्यांच्या जागी जानेवारीत नवी मुलं दाखल होतात. कुणाच्या घरात भोजपुरी, कुणाच्या उडिया, कुणाच्या मराठवाड्याची मराठी.

आता बघा काय होतं. पूर्वचाचणी ऑगस्टमध्ये झाली, उत्तरचाचणी मार्चमध्ये. मधल्या काळात वर्गातली सात-आठ मुलं गेली आणि जाणारी बहुधा वाचनात मागे असलेलीच होती, कारण ती आधीच दोन-तीन गावं फिरून आलेली. वर्गाची सरासरी वाढली. प्रत्यक्षात एकही मूल पुढे सरकलेलं नसलं तरी ती वाढली असती. अहवालात मात्र ‘लक्षणीय वाढ’. याच्या उलटही घडतं. एखादीने वर्षभर जीव तोडून काम केलेलं असतं आणि जानेवारीत दाखल झालेल्या कोऱ्या मुलांमुळे तिची सरासरी खाली येते. मग आढावा बैठकीत तिचं नाव लाल रंगात.

उपाय अगदी साधा आहे. दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांची वेगळी यादी करा आणि तुलना त्यांचीच करा. उशिरा आलेल्यांची सुरुवात ते आले त्या दिवसापासून धरा. गेलेल्यांची संख्या आणि ते गेले तेव्हाची पातळी न लपवता लिहा. मी केंद्रातल्या शाळांना आणखी एक सांगते: जाणाऱ्या मुलाच्या हातात दाखल्याबरोबर अर्ध्या पानाची चिठ्ठी द्या. काय वाचता येतं, कुठे अडतं, घरी कोणती भाषा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, जात, आईचं नाव सगळं असतं. पोराला वाचता येतं का, हे त्यावर कुठेच नसतं. बांधकामांच्या आणि मजुरांच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या ‘डोअर स्टेप स्कूल’सारख्या संस्थांनी मुलांच्या मागावर राहण्याची चिकाटी पुण्यात फार आधीपासून दाखवली आहे. सरकारी शाळेला तेवढी माणसं मिळणार नाहीत, पण चिठ्ठी लिहायला जादा माणूस लागत नाही.

४. प्रश्न विचारून थांबा.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकून मोजलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात. यासाठी निधी लागत नाही, परवानगी लागत नाही. मनातल्या मनात ‘एक टाटा, दोन टाटा, तीन टाटा’ म्हणायचं, असं एका गुरुजींनी काढलं आणि ते केंद्रभर पसरलं. ज्या मुलाच्या डोक्यात प्रश्न आधी भोजपुरीत जातो आणि मग मराठीत परततो, त्याला तर तीन टाटाही अपुरे पडतात.

५. वर्णनात्मक नोंद मुलाला उद्देशून लिहा.

इस्राएलमधल्या रूथ बटलर यांचा १९८८चा प्रयोग शिक्षकांना सांगितला की पटत नाही. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा शेरेवाल्यांची झाली. गुण आणि शेरा एकत्र मिळालेल्यांची झाली नाही, कारण गुण दिसले की शेरा कुणी वाचत नाही. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या त्या याच विचारातून. नंतर बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि त्यांच्या पीडीएफ फिरू लागल्या. ‘स्वतःचे विचार ओघवत्या भाषेत मांडतो’ हे वाक्य मी वर्गात तोंडातून अक्षरही न काढणाऱ्या मुलाच्या पानावर वाचलेलं आहे. ‘हातच्याचा एक घ्यायला विसरतोस, डोक्यावर लिही’ एवढी ओळ त्याच्या वहीत असती तर जास्त उपयोगी पडली असती.

६. मुख्याध्यापकाने वर्गात जावं. फॉर्म टेबलावर राहू द्यावा.

मध्य प्रदेशात शाळांचं मूल्यांकन करायचं, प्रत्येक शाळेचा सुधार आराखडा बनवायचा आणि पाठपुरावा करायचा असा एक मोठा कार्यक्रम झाला. कागदावर त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी त्याची तपासणी केली आणि २०२०च्या निबंधात लिहिलं, की मूल्यांकनं झाली, आराखडे झाले, पण वर्गातल्या शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. दरम्यान तो नमुना देशातल्या लाखो शाळांपर्यंत पोचलाही होता. हे वाचून मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. यू-डायस आणि सरल या माहिती भरायच्या प्रणाली, शाळा मूल्यांकनाची मानकं आणि त्यांचे पुरावे म्हणून अपलोड करायचे फोटो यांत आमचे मुख्याध्यापक किती गुंतलेले असतात ते मी रोज पाहते.

याच्याशेजारी हरियाणाचं उदाहरण ठेवून बघा. पातळीप्रमाणे शिकवण्याची हीच पद्धत इतर राज्यांत सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण देऊन फारशी चालली नव्हती. हरियाणात २०१२-१३ मध्ये चालली. तिथे रोजचा एक तास त्यासाठीच राखला आणि शिक्षकांवर देखरेख ठेवणाऱ्यांना आधी दोन-तीन आठवडे स्वतः मुलांना त्या पद्धतीने शिकवायला लावलं. केंद्रप्रमुख म्हणून यातला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याने अलीकडे पहिलीचा वर्ग घेतलेला नाही त्याने पहिलीच्या बाईंना सूचना देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते काही सहकाऱ्यांना खुपतं.

मुख्याध्यापकांसाठी आम्ही एवढंच ठरवलंय. आठवड्यात एका वर्गात मागे बसायचं, तेही शिक्षकाने सांगितलेल्या गोष्टीकडे बघायला. "मी मुलींना कमी प्रश्न विचारते का, मोजा," असं बाईंनी सांगितलं तर तेवढंच मोजायचं. फळ्याचं अक्षर, साडीचा रंग, परिपाठाला झालेला उशीर यांवर त्या दिवशी बोलायचं नाही. मोजलेला आकडा बाईंच्याच वहीत लिहायचा आणि बाहेर यायचं. तो आकडा वरच्या कार्यालयाला जात नाही, म्हणूनच तो खरा असतो.

७. गाजलेली शाळा पाहून या, पण भिंतींचे फोटो काढू नका.

आमच्याच खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जात होत्या. अशा भेटींहून परतलेले शिक्षक दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावतात. फरशीवर तक्ते, खांबांवर पाढे. चार महिन्यांनी मुलं त्यावरून चालत जातात आणि कुणी खाली बघत नाही.

जालिंदरनगरमध्ये बघण्यासारखी गोष्ट आहे ती विषयमित्राची: वेगवेगळ्या वयांची मुलं एकमेकांना शिकवतात. दत्तात्रय वारे गुरुजींनी हे छोट्या वस्तीच्या शाळेत उभं केलं. आमच्या चाळींतल्या शाळेत एका खोलीत पन्नास मुलं असतात तेव्हा ते तसंच्या तसं उतरत नाही. आम्ही फक्त जोड्या घेतल्या, त्याही वाचनापुरत्या आणि वीस मिनिटांपुरत्या. एका शाळेत चाललं. दुसऱ्या शाळेत मोठी मुलं लहानांना शब्द सांगून मोकळी होऊ लागली, तेव्हा मोठ्यांना ‘उत्तर सांगायचं नाही, पहिलं अक्षर दाखवायचं’ हा नियम शिकवावा लागला. तिसऱ्या शाळेने महिन्यात बंद केलं आणि तसं लिहून दिलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

८. पालकांना संशोधनाची भाषा आपल्यापेक्षा आधीपासून येते.

या पट्ट्यातला पालक शाळेत फार शिकलेला नसेल, पण कंपनीत त्याने कायझेन केलेलं असतं. दोष सापडला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, एक बदल करायचा, आधीचं आणि नंतरचं बोर्डावर लावायचं, हे तो शिफ्टमध्ये शिकलेला असतो. पालकसभेत ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हटलं की माना खाली जातात. ‘वाचताना अडतो. का अडतो ते पंधरा दिवस बघितलं, आता एक गोष्ट बदलतोय, महिन्याने दाखवतो’ म्हटलं की मागून एखादा वेल्डर विचारतो, "मॅडम, बदल केला नसता तरी महिन्यात सुधारला असता, तर?" अहवालांवर सह्या करणाऱ्या कुणीही हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही.

फक्त सभा गुरुवारी ठेवा. औद्योगिक पट्ट्यातली सुट्टी गुरुवारची. शनिवारी बोलावून ‘पालक उदासीन आहेत’ असं इतिवृत्तात लिहिणाऱ्या शाळा मी पाहते.

कंपनीची पद्धत एका जागी मात्र थांबते. तिथे कच्चा माल सारखा यावा म्हणून पुरवठादार बदलता येतो. आपल्याकडे जे मूल आलं, तेच आपलं.

९. देणगी देणाऱ्यांशी पुराव्याने बोला.

२०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि चाकण-पिंपरीच्या शाळांना त्यातला वाटा मिळतो. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण तो बहुतेक डिजिटल फळा, टॅब आणि रंगकाम या रूपात येतो, कारण त्याचं उद्घाटन होतं. पेरूमध्ये सरकारने मुलांना लॅपटॉप वाटले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित-भाषेच्या निकालांत काही फरक सापडला नाही. यंत्राने शिकवणं सुधारतं तेव्हा त्यामागे मुलाच्या पातळीनुसार नेमका सराव देण्याची व्यवस्था असते. नुसता पडदा टांगून ती येत नाही.

तेव्हा चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांत जे कुणी हा निधी सांभाळता, त्यांना विनंती आहे. पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा आधी तासभर तिसरीच्या मुलांशेजारी बसून त्यांना एकेक परिच्छेद वाचायला सांगा, आणि मग मुख्याध्यापकांना विचारा काय हवं. बहुतेक शाळा छोट्या गोष्टींची शंभर पुस्तकं आणि वस्तीतल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलीचं वर्षभराचं मानधन मागतील. ते द्या. फळा पुढच्या वर्षी बघू.